सालईबोडीची राखण

आमच्या समितीच्या बैठकीत एक अलिखित कायदा होता. चहा आणि भजी आल्याशिवाय कोणी काही गंभीर बोलायचं नाही. आधी खुशाली, मग कोणाच्या पोरीचं कुठं जमलं ते, मग भजी, मग विषयपत्रिका, आणि ती संपेपर्यंत सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असायची. भामाबाई सोमकुवर पहिल्याच बैठकीत चहाच्या आधी बोलल्या. मी तेव्हाच शेजारच्याच्या कानात म्हटलं, ही बाई आपलं सुख घालवणार. घालवलंच तिनं, आणि चांगलं घालवलं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी काटोलकडून निवडून आलेला जिल्हा परिषदेचा सदस्य. घरी संत्र्याची बाग, अंगात निवडून आल्याची मस्ती, आणि नागपुरात उतरायला सक्करदऱ्याला बहिणीचं घर. आमची समिती शेतीची, पण शेतीच्या शेपटाला बांधून बरंच काही आमच्याकडे आलं होतं. माती अडवणं, बांध घालणं, आणि जुन्या मालगुजारांनी, म्हणजे गावच्या जमीनदारांनी, गावोगाव बांधून ठेवलेले लहान तलाव. मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गावकऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. आधी दर घरचा माणूस उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला जायचा. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आता लोक म्हणत, सरकारचा तलाव आहे, सरकार टाकेल माती. सरकार म्हणजे आम्ही, आणि आम्ही भजी खात होतो.

बायका तेव्हा निवडून येत नसत. एखादी बाई स्वीकृत सदस्य म्हणून घ्यायची, कोपऱ्यात खुर्ची द्यायची आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला पुढे करायची, अशी रीत होती. भामाबाई अशाच आल्या. पारशिवनीच्या पलीकडे जंगलाच्या कडेला सालईबोडी नावाचं गाव आहे, तिथल्या. पूर्वी प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. नवरा गेलेला, शेती दिराबरोबर सामाईक. त्यांना आणलं नानासाहेबांनी. नानासाहेब म्हणजे आमच्या समितीचे खरे धनी, कडक इस्त्रीचं धोतर आणि गोड बोलणं. त्यांना वाटलं, गरिबाघरची बाई आहे, सांगू तिथं हात वर करेल. माणसं ओळखण्यात नानासाहेब हुशार होते, पण त्या दिवशी त्यांचं चुकलं.

त्या पहिल्या बैठकीत दुरुस्तीच्या तलावांची यादी वाचली जात होती. डेप्युटी इंजिनियर साहेब नाव वाचायचे, आम्ही 'मंजूर' म्हणायचो. मध्येच कोपऱ्यातून आवाज आला, "ह्यातले तलाव पाहून कोण कोण आलं?"

मग डेप्युटी इंजिनियर म्हणाले, "बाई, खालून अहवाल आलेला आहे."

"खालून म्हणजे कुठून? तलाव तं जागच्या जागीच आहे. आपणच जाऊन पाहू."

नानासाहेब हसले. "समिती बैठकीत बसत असते, भामाबाई."

"मंग बैठक पाळीवर भरवू. सतरंजी मी आणीन."

सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या महिन्यात आम्ही खरंच पाळीवर बसलो होतो.

आणि वर्षभरानं नानासाहेबांच्या गटाचं दुसऱ्या गटाशी इतकं फाटलं, की सभापती कोणाचा यावर कोणाचंच एकमत होईना. तडजोड म्हणून भामाबाईंचं नाव आलं. दोन्ही बाजूंना वाटलं, तूर्तास बसवू, मग पाहू. बाईंनी तूर्तासचा अर्थ फारसा मनावर घेतला नाही.

दिसायला उंच, काटकुळ्या. सुती पातळ, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री. ती छत्री उन्हात डोक्यावर असायची, आणि सावलीत आली की तिचं टोक समोरच्याकडे वळायचं. मास्तरकी सुटली होती, पण मास्तरीण सुटली नव्हती. चांगल्या पदवीधर इंजिनियरला त्या म्हणायच्या, "उभे राहा. आता नीट सांगा." आणि तो उभा राहायचा. मला एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "संत्रेवाले भाऊ, मागं काय गोष्टी चालू आहे?" मी निवडून आलेला माणूस, पन्नाशीला टेकलेला, आणि माझे कान गरम झाले.

त्यांची तलाव पाहायची पद्धत एकदम त्रासदायक होती. जीप पाळीपर्यंत जात असली तरी उपयोग नाही. त्या आम्हाला पार वर न्यायच्या, जिथून पावसाचं पाणी तलावाकडे निघतं त्या माळावर. "पाणी जिथून चालाले लागते तिथून आपणही चालायचं." मग ओढ्याओढ्यानं, झुडपांतून, बोरीच्या काट्यांतून, कोणी कुठं नाला वळवला, कोणी कुठं झाडं तोडली, ते पाहत पाहत खाली. तलावाला वळसा घालून सांडव्यावर. तिथून पाटानं शेवटच्या शेतापर्यंत. नानासाहेबांचं धोतर काट्यांत अडकायचं आणि दोन माणसं ते सोडवत बसायची. मला आतून फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

कोणी काही मत दिलं की त्यांचा एकच प्रश्न. "पाहिलं, का ऐकलं?" ऐकलं असेल तर ते त्यांच्या हिशेबी नव्हतंच. हे वाक्य इतकं पसरलं की शिपाईसुद्धा एकमेकांना विचारू लागले. माझ्या घरीही पोचलं. बाजारात भाव काय आहे म्हणून मी बायकोला काही सांगायला गेलो की ती म्हणायची, "पाहिला, का ऐकला?"

त्या गोड होत्या असं कोणी समजू नये. दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडायच्या. दुपारचं जेवण हा प्रकार त्यांच्या ध्यानातच नसायचा, आणि आम्ही उपाशी मरतोय हे सांगितलं की पदराला बांधलेले फुटाणे पुढे करायच्या. एखादी गोष्ट मनात बसली की बसली, मग ब्रह्मदेव आला तरी हलत नसे. त्या हट्टानं पुढं काय केलं ते सांगणारच आहे.

आपल्याबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच, सालईबोडीच्या पाळीवर बसलो असताना, मी सहज विचारलं की तुम्हाला तलावाचा इतका सोस कुठून लागला. त्यांनी छत्रीच्या टोकानं तलावाचा एक खालचा कोपरा दाखवला. "आमच्या लोकाईले वरच्या घाटावर पाणी नव्हतं. तिथं, जिथं ढोरं बसत, तिथून भरायचं. माय भरे, मी भरे. आन माझा बाप गावचा कोतवाल. पावसात पाळ फुटू नये म्हणून कंदील घेऊन फेऱ्या मारायचं काम त्याचं. राखण आमची, पाणी त्यांचं." छप्पन साली त्यांच्या घरानं नागपुरात दीक्षा घेतली. वडिलांनी कोतवालकी सोडली. मी म्हटलं, "मग राग येत नाही ह्या तलावाचा?" त्या म्हणाल्या, "तलावानं काय केलं भाऊ? त्याले कुठं माहीत होतं कोण कोणत्या घाटावर आहे ते." एवढं बोलून उठल्या आणि सांडव्याचा दगड निखळला म्हणून ओव्हरसियरला झापायला लागल्या.

ह्या सालईबोडीच्या तलावाला दुसरेही धनी होते. पलीकडचा काठ जंगलाला लागून. उन्हाळ्यात आतले नाले आटले की संध्याकाळी चितळं पाण्यावर उतरत, कधी नीलगाय, क्वचित अस्वल. आणि जिथं चितळं येतात तिथं जीपवाले येतात. शिकारीवर बंदीचा कायदा नुकताच आला होता, पण कायदा नागपुरात होता आणि चितळ सालईबोडीला.

एका वैशाखात आम्ही गावात असतानाच एक जीप पाळीखाली येऊन थांबली. नागपुरातले बडे पाहुणे, नानासाहेबांच्या ओळखीचे. बंदुका, थर्मास, गाद्या, सगळी तयारी. भामाबाई गेल्या, रामराम-नमस्कार काही नाही, आणि पाहुणे जिथून नेम धरणार होते तिथं, त्यांच्या आणि पाण्याच्या बरोबर मध्ये सतरंजी पसरून बसल्या. आम्हालाही बसवलं. "बैठक अजून संपली नाही. विषय बाकी आहे."

पाहुण्यांपैकी एक टोपीवाला पुढे आला. "बाई, जंगल जंगलखात्याचं आहे. तुमच्या समितीचा काय संबंध?"

"जंगल त्यायचं. पाणी आमचं. पाण्यावर जो येईन तो आमचा." मग माझ्याकडे वळून, "संत्रेवाले भाऊ, काटोलकडच्या विहिरींचं काय ते सांगा."

मला काटोलच्या विहिरींबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पण बाईंचा डोळा पाहून मी सुरू केलं, आणि असं सुरू केलं की माझ्या आजोबांच्या विहिरीपासून सगळ्या विहिरी खणून काढल्या. टोपीवाला घामाघूम झाला. शेवटी गाद्या गुंडाळून ते गेले. पुढच्याच आठवड्यात सालईबोडीच्या ग्रामपंचायतीनं ठरवून टाकलं की पाळीवर बंदूक आणायची नाही. त्याला कायद्यात किती जोर होता देव जाणे, पण गावात होता. नानासाहेब मात्र ती संध्याकाळ विसरले नाहीत.

मग ते कोरडं साल आलं. पाऊस आला तसा गेला, तलाव दिवाळीतच आटले. दुष्काळी कामं निघाली. सालईबोडीला काम काढायचं तर तलाव खोल करू, असं भामाबाईंनी ठरवलं. गावाला हाताला काम, तलावाला खोली, आणि निघालेला गाळ शेतात. गाळ शेतात टाकायची आपल्याकडे रीतच आहे. सगळ्यांचं भलं. सगळं गाव तलावात उतरलं. गाळ निघाला, बंड्याच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरून शेतात गेल्या. गाळाखाली पिवळी चिकण माती लागली, लोण्यासारखी. शेतकरी खूष झाले. धानाच्या बांधीचे धुरे, म्हणजे शेताचे मातीचे कठडे, त्या मातीनं असे बांधले की उंदीर भोक पाडणार नाही. भामाबाई रोज तिथं. ओव्हरसियर म्हणाला, आता पुरे झालं. बाई म्हणाल्या, "अजून हातभर. पुढच्या साली कोणी म्हणाले नको, की खोदलं तं अर्धंच खोदलं." मी स्वतः तिथं होतो. कोणालाच वाटलं नाही की काही चुकतंय. खाली लाल मुरूम दिसायला लागला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

पाऊस चांगला झाला. तलाव तुडुंब भरला, सांडव्यावरून वाहिला. गावानं शाल-नारळ देऊन भामाबाईंचा सत्कार केला. दसऱ्याला पाणी थोडं खाली गेलं. दिवाळीला अर्ध्यावर. कुठं पाळ झिरपत नव्हती, कुठं तुटली नव्हती. संक्रांतीला तळ दिसला. बाई तळात उतरल्या, मुरमावर उभ्या राहिल्या, आणि त्यांना कळलं. ती पिवळी माती म्हणजे तलावाचं बूड होतं. बूडच काढून आम्ही धुऱ्यांना लावलं होतं.

शिमग्याच्या सुमारास पाण्याच्या वासानं चितळं गावात शिरली. एक मादी विहिरीत पडली. तिला दोरांनी काढेपर्यंत ती मेली, आणि तिच्या पोटात पिल्लू होतं. बाईंनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त छत्रीचं टोक जमिनीत रुतवत होत्या.

पुढच्या बैठकीत नानासाहेबांनी विषय आणला. सालईबोडीचा तलाव निकामी झाला आहे, तो तसा जाहीर करावा, आणि तळाची जमीन लागवडीला पट्ट्यानं द्यावी. तळाची जमीन म्हणजे सोनं, आणि ते सोनं कोणाच्या भाच्याला जाणार हे शिपायालाही माहीत होतं. बैठकीच्या आधी बाईंना काही जण भेटले. त्यांच्या भल्याचंच सांगत होते. म्हणाले, दोष ओव्हरसियरवर टाका. पोरगा नवा आहे, बदली होईल, एवढंच. तुमची खुर्ची राहील, मग तलावाचं पाहता येईल. मलाही ते शहाणपणाचं वाटलं होतं.

बैठकीत भामाबाई उभ्या राहिल्या. "खोदा म्हणून मी म्हटलं. ओव्हरसियर पुरे म्हणत होता, मी ऐकलं नाही. तसं लिहून घ्या." लिहिणारा थांबला. "लिहा ना गा, कायले थांबले?" मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, तलावाची नाही. तलावाले कायले शिक्षा देता? मले एक पावसाळा आन एक उन्हाळा द्या. त्या वैशाखात तळात पाणी नसलं, तं निकामी म्हणून मीच हात वर करीन."

नानासाहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "द्यायला हरकत नाही. पण बाई, ज्यांच्या हातून एवढं नुकसान झालं त्यांनीच सभापती राहावं, हे लोकांना कसं वाटेल?"

बाईंनी जराही वेळ घेतला नाही. "खुर्ची घेता, मुदत देता. असंच ना?"

"असं नाही, पण..."

"असंच म्हणा. मले चालते."

मुदतीला मतं घेतली तेव्हा मी हात वर केला. बाईंच्या प्रेमापोटी केला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे नानासाहेबांच्या त्या मऊ आवाजाचा मला संताप आला होता. मुदत मिळाली. त्याच दुपारी भामाबाईंनी खुर्ची सोडली आणि पारशिवनीची एसटी पकडली.

आता करायचं काय? पैसा नाही, पद नाही. बूड गेलं ते परत बसवायचं, आणि ते गावाच्या धुऱ्यांत अडकलेलं. भामाबाईंनी गाव गोळा केलं आणि सरळ सांगितलं, माती परत द्या.

त्या सभेत मी होतो. माझ्या राजकारणाच्या आयुष्यात मी इतकी मूर्ख मागणी ऐकली नव्हती. एक म्हातारा उठून म्हणाला, "बाई, शेतात टाकलेली माती कोनी परत मांगते का? उद्या म्हनशीन, खाल्लेला भात परत द्या." लोक हसले, पण हसण्यात राग होता. आधी तलाव फोडला, आता धुरे फोडायला निघाली. सगळ्यात तापला तो त्यांचा दीर, उद्धव. गावातला सगळ्यात चांगला धुरा त्याचा होता. म्हणाला, "वैनी, तुह्या नादानं आमचं हसू होऊन राहिलं. मी एक टोपलं देत नाही."

बाईंनी कोणाला समजावलं नाही. दुसऱ्या सकाळी सामाईक शेतातल्या आपल्या वाटणीच्या धुऱ्यावर कुदळ घातली. एकट्या. त्या चैत्रातल्या उन्हात त्या स्वतःचा धुरा खणत होत्या आणि टोपल्यांनी तलावात नेत होत्या. आधी ढीवर आले, कारण तलाव गेला तर त्यांची मासोळी गेली. मग ज्यांची शेतं पाटाच्या शेवटी होती ते आले. मग ज्यांना लाज वाटली ते. उद्धव सगळ्यात शेवटी आला, बंडी भरून.

आणि इतक्या मिनतवारीनं आलेली माती बाई तपासून घ्यायच्या. बंडीतला गोळा उचलायचा, पाण्याचा हात लावायचा, तळव्यावर वळून त्याची बांगडी करायची. बांगडी तडकली, तर बंडी परत. "ह्यात रेती आहे. चांगली माती आणा." माणूस आपला धुरा मोडून माती घेऊन आलेला, आणि त्याला परत पाठवायचं. मी कपाळावर हात मारला. पण तो शिव्या देत देत जायचा आणि चांगली माती घेऊन यायचा.

माती पसरली, विहिरीचं पाणी पिंपांनी आणून ओतलं, आणि मग त्यावर म्हशी फिरवल्या. गावातल्या सगळ्या म्हशी, दिवसभर गोल गोल. चिखल तुडवून तुडवून तळ घट्ट बसवायचा. मी पाहायला गेलो तर बाई गुडघाभर चिखलात, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात म्हशीची शेपटी. मला पाहून म्हणाल्या, "संत्रेवाले भाऊ, पाहायला आले, का तुडवाले? बूट काढा." मी बूट काढले. रात्री सक्करदऱ्याला बहिणीनं माझे पाय पाहिले आणि ती मला ओसरीवरच उभा करून पाणी ओतत राहिली.

त्या साली पाऊस बेताचाच झाला. तलाव तुडुंब नाही भरला, पाऊणएक भरला असेल. दिवाळीला पाणी थोडं उतरलं, संक्रांतीला आणखी. मी बाईंना काही विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटत होती. त्या बैठकीला येत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत, आणि नानासाहेब सभापतीच्या खुर्चीतून त्यांच्याकडे पाहून हसत. वैशाखात समितीनं सालईबोडीला जायचं ठरलं.

आम्ही गेलो त्या दिवशी हवेत आग होती. नानासाहेब जीपमध्ये पुढे, मी आणि डेप्युटी इंजिनियर मागे. गावाच्या अलीकडे कानावर आवाज आला. तेलाचं इंजिन चाललं होतं, भट भट भट भट, तलावाच्या दिशेनं. डेप्युटींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. इंजिन कोरड्या तळावर कोणी लावत नाही. तेवढ्यात आवाज एकदम बंद पडला.

पाळीवर चढलो. पाणी होतं. फार नव्हतं, गढूळ, तलावाच्या पोटात निम्म्याहून कमी, पण चांगलं पसरलेलं, वाऱ्यानं हलणारं पाणी. मला तर रडूच यायचं बाकी होतं. आणि त्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या राहून भामाबाई इंजिनाचा पाईप ओढून बाहेर काढत होत्या. काठावर उद्धव उभा होता. इंजिन त्याचं.

"मायी मिरची जळून राहिली वैनी," तो ओरडत होता. "माया धुऱ्याची माती ह्या तळात आहे. मी बंड्या भरभरून दिली. जरासं पानी घेतलं तं तुयं काय बिघडलं?"

"तुया मातीनं पाणी थांबलं, उद्धव. म्हणून पाणी तुयं नाही झालं."

"मंग कोनाचं झालं?"

बाईंनी पलीकडच्या काठाकडे मान केली. ओल्या मातीत खुरांचे ठसे पडलेले होते, कालचे, परवाचे, एकावर एक. "सांज झाली का ते येतीन. त्यायच्याजवळ धुरा नाही, बंडी नाही. त्यायनं माती दिली नाही, म्हणून त्यायले पाणी नाही देणार का तू? आन खालच्या विहिरी? त्याबी ह्याच पाण्यावर आहे. पाऊस येईपर्यंत ह्यात पाईप पडणार नाही. तुयाही नाही, कोणाचाही नाही."

लोक जमले होते. नानासाहेबांना भांडण पाहून हुशारी आली. ते पुढे झाले. "भामाबाई, पाईप काढायचा का ठेवायचा, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? सभापती मी आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पाईपाचं टोक हातात धरून त्या म्हणाल्या, "हाव. तुम्हीच आहे. मंग पाईप तुम्ही काढा."

आणि टोक त्यांच्यासमोर धरलं.

सगळं गाव नानासाहेबांकडे पाहत होतं. उद्धव पाहत होता, ढीवर पाहत होते, डेप्युटी पाहत होते. पाईप काढा म्हटलं, तर हा राखण्याजोगा तलाव आहे हे त्यांच्याच तोंडून आलं. राहू द्या म्हटलं, तर जिल्ह्याच्या समितीनं भर वैशाखात गावाचं पाणी उपसायला परवानगी दिली, आणि तीही सगळ्यांदेखत. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शब्द शोधताना पाहिलं. त्यांनी धोतराचा सोगा सावरला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "काढ रे बाबा तो पाईप."

डेप्युटींनी मला कोपर मारलं. निकामी तलावातून पाईप काढायचा हुकूम कोणी देत नसतं, हे आता सगळ्यांनाच कळलं होतं. नानासाहेबांनाही कळलं होतं. विषय पुन्हा कधी पत्रिकेवर आला नाही.

परत निघताना मी जीपच्या मागच्या फळीवर बसलो होतो. उन्हं कलली होती. भामाबाई पाळीवर बसून पातळाचा ओला काठ पिळत होत्या, बाजूला पाईपाचं भेंडोळं. उद्धव थोडा दूर, त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. रागातच होता, मिरची त्याची खरंच जळणार होती. मग त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि भामाबाईंकडे टाकलं. त्यांनी त्या मुंडाशानं पाय पुसले. दोघंही पलीकडच्या काठाकडे पाहत होते. तिथं अजून काही आलं नव्हतं.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो आणि माझं त्या बाजूला जाणं सुटलं. भामाबाईंना मी पाळीवर पाहिलं ते तेवढंच शेवटचं.